लेम विंचेस्टर: पोलिसाची नोकरी, व्हायब्राफोन आणि अडीच वर्षं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दरवर्षी १३ जानेवारी आली की मी लेम विंचेस्टरचे दोनतीन ट्रॅक ओळखीच्यांना पाठवतो, आणि दरवर्षी ठरलेले प्रश्न येतात. हा कोण, हे कसलं वाद्य, गेला कसा, पोलीस होता हे खरं का. प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून ठेवावं. मी संगीताचा शिकलेला माणूस नाही, ऐकणारा आहे, पण हा माणूस मी बरीच वर्षं ऐकतोय आणि त्याच्याबद्दल मराठीत कुठे काही सापडत नाही हे मनाला लागतं.

लेम विंचेस्टर कोण होता, थोडक्यात सांगा ना.

अमेरिकन जॅझ व्हायब्राफोनिस्ट. जन्म १९ मार्च १९२८, फिलाडेल्फिया. वाढला विल्मिंग्टनमध्ये, म्हणजे डेलावेअर राज्यात, फिलाडेल्फियापासून साधारण पन्नास किलोमीटरवर. तिथल्याच पोलीस खात्यात नोकरी करायचा. १९५८ साली न्यूपोर्टच्या जॅझ फेस्टिव्हलमध्ये वाजवलं आणि लोकांना कळलं की असा कोणी आहे. १९६० मध्ये नोकरी सोडून पूर्णवेळ वाजवायला लागला. १३ जानेवारी १९६१ ला गेला, वय ३२.

म्हणजे जगाला तो ऐकू आला तो जेमतेम अडीच वर्षं.

व्हायब्राफोन म्हणजे झायलोफोनच ना?

नाही हो, हा गोंधळ सगळ्यांचाच होतो, माझाही होता. झायलोफोनच्या पट्ट्या लाकडाच्या, आवाज कोरडा, टक् करून संपतो. व्हायब्राफोनच्या पट्ट्या धातूच्या, अ‍ॅल्युमिनियमच्या, पियानोच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्या असतात तशाच दोन रांगांत मांडलेल्या, आणि प्रत्येक पट्टीखाली एक उभी नळी. त्या नळीच्या तोंडाशी एक छोटी गोल चकती असते आणि सगळ्या चकत्या एका दांड्यावर बसवलेल्या, तो दांडा मोटर फिरवते. चकती आडवी झाली की नळी झाकली जाते, उभी झाली की उघडते, त्यामुळे स्वर लाटेसारखा वरखाली हलत राहतो. वाद्याला नाव मिळालं ते या हलण्यावरूनच. आणि खाली पायाशी पेडल असतं, ते दाबलं की पट्ट्या मोकळ्या, स्वर घुमत राहतो, सोडलं की खालचा फेल्ट पट्ट्यांना चिकटतो आणि आवाज बंद.

मी हे वाद्य जवळून एकदाच पाहिलंय, मुंबईत एका कार्यक्रमानंतर, सामान बांधायला घेतलं होतं आणि वाजवणाऱ्याने मला एक मॅलेट हातात दिलं, मॅलेट म्हणजे टोकाला सूत गुंडाळलेली काठी. एक पट्टी वाजवली, पेडल दाबलेलं होतं, आणि तो स्वर इतका वेळ टिकला की मला कळेना हात कुठे ठेवू. मग त्याने माझ्या पायाकडे बोट दाखवलं, मी पाय उचलला आणि आवाज कापल्यासारखा थांबला. त्या दिवशी डोक्यात शिरलं की हे वाद्य हाताने जेवढं वाजतं तेवढंच पायानेही वाजतं. आपल्या जलतरंगासारखंच यातही एकदा टोला पडला की पुढे स्वर ओढता येत नाही, मींड वगैरे काढणं जवळपास अशक्य, स्वर जिथे बसवलाय तिथेच राहणार. मग वाजवणाऱ्याच्या हातात उरतं काय? टोला किती हलका, किती जड. पेडल कधी उचलायचं. मोटर जोरात की सावकाश. आणि कुठे गप्प बसायचं. लेमचं सगळं कसब या चार गोष्टींत आहे असं मला वाटतं.

हे वाद्य आपण कधी ऐकलंय का?

ऐकलंय, नक्की ऐकलंय, फक्त नाव माहीत नव्हतं. मुंबईच्या फिल्म ऑर्केस्ट्रांमध्ये हे वाद्य होतं. कावस लॉर्ड यांची मुलं केर्सी आणि बुजी, दोघंही व्हायब्राफोन वाजवायचे. जुन्या हिंदी गाण्यात रात्रीचा सीन असेल आणि मागे काचेवर थेंब पडल्यासारखे घुमणारे स्वर आले तर बहुतेक वेळा हेच. लेमचा आणि मुंबईचा काही संबंध नाही, उगाच जोडणार नाही, पण कानाला हा आवाज ओळखीचा आहे एवढं सांगतो म्हणजे लोक घाबरत नाहीत.

खरंच पोलीस होता? की ही नंतर रचलेली गोष्ट?

खरंच. विल्मिंग्टनच्या पोलीस दलात होता, पन्नासच्या दशकातली बरीच वर्षं. वाजवणं ड्युटीनंतर. आपल्याकडे बँकेत, पोस्टात, रेल्वेत नोकरी करून पहाटे रियाज करणारी माणसं घराघरात होती त्यामुळे आपल्याला हे समजायला सोपं आहे. जॅझच्या इतिहासात मात्र असं उदाहरण क्वचितच. त्या काळी न्यूयॉर्कमध्ये न राहता, छोट्या शहरात, खाकी नाही पण गणवेषच की, असा गणवेष घालून आणि तरीही त्या दर्जाचं वाजवणारा माणूस. म्हणून मासिकांनी, रेकॉर्ड कंपन्यांनी ही गोष्ट उचलून धरली. त्याच्या १९५९ च्या अल्बममध्ये एक ट्रॅक आहे 'डाउन फझ', आणि फझ म्हणजे तिकडच्या बोलीत पोलीस.

मला यात आवडतं ते वेगळंच आहे. त्याच्या वाजवण्यात कुठेही घाई नाही, कोणाला काही सिद्ध करून दाखवायचंय असा आव नाही. महिन्याचा पगार येत होता म्हणून असेल, की रोज क्लबात वाजवून कंटाळलेला नव्हता म्हणून असेल, पण त्याच्या बोटांत ते ताजेपण आहे. रात्रपाळी करून आलेला माणूस आवडीचं काही करायला बसतो ना, तसं.

सुरुवातीपासून व्हायब्राफोनच?

नाही, आधी सॅक्सोफोन, टेनर आणि बॅरिटोन दोन्ही, आणि पियानो. चाळीसच्या दशकाच्या शेवटी शेवटी व्हायब्राफोनकडे वळला. सॅक्सोफोन वाजवलेला माणूस श्वासाच्या हिशोबाने वाक्य रचतो, आणि हे लेमच्या सोलोत ऐकू येतं, एक ओळ म्हणून झाली की तो थांबतो, जणू दम घेतोय. व्हायब्राफोनवर दम घ्यायची गरजच नाही खरं तर, हात दुखेपर्यंत वाजवत राहू शकता, आणि बरेच जण तेच करतात.

क्लिफर्ड ब्राउनशी त्याचं काय नातं? प्रत्येक ठिकाणी दोघांचं नाव एकत्र येतं.

इथे जरा सविस्तर लिहितो कारण लेम समजायचा असेल तर हे समजायलाच हवं.

क्लिफर्ड ब्राउन, ट्रंपेटवाला, जन्म ३० ऑक्टोबर १९३०, विल्मिंग्टन. लेमपेक्षा अडीच वर्षांनी लहान. एकाच गावातले, एकाच संगीताच्या वर्तुळातले. विल्मिंग्टन काही मोठं शहर नव्हे, तिथे वाजवणारे सगळे एकमेकांना ओळखणार. क्लिफर्डला शिकवलं रॉबर्ट लोवरी नावाच्या माणसाने, ज्याला सगळं गाव बॉयसी म्हणायचं. हा बॉयसी जगात कोणाला माहीत नाही पण त्याच्या हाताखालून क्लिफर्ड ब्राउन गेला, यापेक्षा मोठं सर्टिफिकेट काय हवं गुरूला.

२६ जून १९५६ च्या रात्री पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक नावाच्या हायवेवर गाडीच्या अपघातात क्लिफर्ड गेला. वय २५. सोबत पियानिस्ट रिची पॉवेल आणि त्याची बायको नॅन्सी, तेही गेले. क्लिफर्ड दारूच्या थेंबाला शिवत नव्हता, ड्रग्जच्या जवळ गेला नाही, त्या काळच्या जॅझमध्ये त्याच्याकडे बोट दाखवून तरुण पोरांना सांगायचे की असंही जगता येतं. आणि तोच असा रस्त्यावर गेला.

लेमला स्वतःच्या नावावर स्टुडिओत अल्बम करायची पहिली संधी मिळाली ती १९५८ च्या ऑक्टोबरात, शिकागोच्या आर्गो कंपनीसाठी, सोबत रॅमसी लुईसचं त्रिकूट, म्हणजे रॅमसी पियानोवर, एल्डी यंग बेसवर आणि रेड होल्ट ड्रम्सवर. तीस वर्षांचा माणूस, पहिली स्टुडिओ रेकॉर्ड, कोणीही स्वतःचं नाव मिरवलं असतं. लेमने काय केलं? गावच्या पोराला वाहिली ती रेकॉर्ड. 'अ ट्रिब्यूट टू क्लिफर्ड ब्राउन'. त्यात क्लिफर्डच्या 'जॉय स्प्रिंग' आणि 'सँडू' आहेत, क्लिफर्डने गाजवलेली 'जॉर्डू' आहे. आणि एका ट्रॅकचं नाव आहे 'अ मेसेज फ्रॉम बॉयसी'.

मी पहिल्यांदा रेकॉर्डच्या मागच्या बाजूची ती यादी वाचली तेव्हा बॉयसी कोण हे माहीत नव्हतं, वाटलं असेल कोणी मित्र. नंतर कुठेतरी क्लिफर्डच्या शिक्षकाबद्दल वाचताना ते नाव समोर आलं आणि मी परत जाऊन तो ट्रॅक लावला. गेलेल्या शिष्याची आठवण काढायला बसलेला दुसरा गाववाला, आणि त्यात गुरूचा निरोप. शिकागोच्या स्टुडिओत बसून विल्मिंग्टनच्या दोनचार गल्ल्यांनाच कळेल अशी गोष्ट त्याने रेकॉर्डवर घातली. ज्याला कळायचं त्याला कळेल.

न्यूपोर्टला काय झालं?

जुलै १९५८. समीक्षक लेनर्ड फेदर यांनी त्याला पुढे आणलं, नवीन चेहरे म्हणून. साथीला बॉस्टनकडचे लोक, पियानोवर रे सँटिसी, बेसवर जॉन नेव्ह्ज, ड्रम्सवर जिमी झिटानो. ते रेकॉर्डिंग 'न्यू फेसेस अ‍ॅट न्यूपोर्ट' नावाने निघालं, एका बाजूला लेम आणि दुसऱ्या बाजूला रँडी वेस्टनचं त्रिकूट. वेस्टन पुढे केवढा मोठा झाला, नव्वदी पार करून २०१८ मध्ये गेला. एकाच रेकॉर्डच्या दोन बाजू आणि दोन आयुष्यं किती वेगळ्या लांबीची.

लाइव्ह आहे, थोडी खरखर आहे, पण मोकळ्या हवेतला आवाज आहे. पोलिसातला माणूस वाजवतोय हे लोकांना कुतूहल म्हणून सांगितलं असणार, पण पाच मिनिटांनी त्यांना त्याचं काही वाटेनासं झालं असेल, असं वाजवलंय.

नोकरी सोडल्यावर किती वाजवलं?

या प्रश्नासाठीच मी हे पान लिहायला घेतलं म्हटलं तरी चालेल, कारण लोक त्याच्या मरणाची गोष्ट सांगतात आणि ही सांगत नाहीत.

१९५९ च्या सप्टेंबरात 'विंचेस्टर स्पेशल' झाली, न्यू जॅझ लेबलसाठी, रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत. बेनी गॉल्सन टेनर सॅक्सोफोनवर, टॉमी फ्लॅनॅगन पियानोवर, वेंडेल मार्शल बेसवर, आर्ट टेलर ड्रम्सवर. मग १९६० उजाडलं आणि नुसते महिने बघा. एप्रिलमध्ये 'लेम्स बीट', सॅक्सोफोनवाल्या ऑलिव्हर नेल्सनबरोबर. ४ जूनला 'अनदर ओपस', फ्रँक वेस आणि हँक जोन्सबरोबर. त्याच जूनमध्ये शर्ली स्कॉटसोबत. जुलैत जॅक मॅकडफसोबत 'टफ डफ'. ऑगस्टमध्ये नेल्सनच्या 'नॉक्टर्न'वर. सप्टेंबरात गायिका एटा जोन्सबरोबर. ७ ऑक्टोबरला स्वतःची 'विथ फीलिंग', आणि आठवड्याभरात परत स्टुडिओत, जॉनी हॅमंड स्मिथबरोबर 'गेटिन द मेसेज'.

सात महिने आणि आठ सेशन. नोकरी सोडलेला माणूस कसा कामाला लागतो बघा. बत्तिशीत आहे, वयाने तसा उशीरच झालाय असं त्यालाही वाटत असेल, ज्यांच्या रेकॉर्डी ऐकून मोठा झाला त्यांच्या शेजारी उभं राहायला मिळतंय, आणि कोणी हाक मारली की हा हजर. स्वतःच्या नावाचं असो की दुसऱ्याच्या मागे साथ असो. साथ करतानाही अंग चोरत नाही आणि पुढे पुढेही करत नाही. एटा जोन्सच्या गाण्यामागे त्याचे स्वर ऐका, गायिकेची ओळ संपल्यावर जी जागा उरते तेवढ्यातच येऊन जातो.

कसा गेला?

जानेवारी १९६१ मध्ये तो इंडियानापोलिसला वाजवायला गेला होता. तिथे रिव्हॉल्व्हरची एक करामत लोकांना दाखवताना गोळी सुटली आणि तो गेला. अपघात. यापेक्षा जास्त तपशील मी लिहीत नाही, कोणी विचारलं तरी सांगत नाही. काही ठिकाणी चवीने लिहिलेलं सापडेल, वेगळ्या नावाने सापडेल, मला ते वाचवत नाही.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. व्हायब्राफोन नावाने बाजारात आलेलं पहिलं वाद्य लीडी कंपनीचं, विसाच्या दशकाच्या सुरुवातीचं, आणि ती कंपनी होती इंडियानापोलिसची. पुढे शिकागोच्या डीगन कंपनीने १९२७ मध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणि पेडल आणून त्याला आजचं रूप दिलं, पण जन्म इंडियानापोलिसचा. वाद्य जिथे जन्मलं तिथेच हा गेला. याला काही अर्थ नाही, योगायोग आहे, पण मला कळल्यापासून विसरता आलेलं नाही.

विंचेस्टर हे तर बंदुकीचं नाव ना? आणि अल्बमची नावं पण तशीच?

आडनाव खरं आहे, आईबापांचं. 'विंचेस्टर स्पेशल' किंवा 'अनदर ओपस'मधला 'बोथ बॅरल्स' (म्हणजे बंदुकीच्या दोन्ही नळ्या) ही नावं पोलिसाच्या नोकरीवर आणि आडनावावर केलेली कोटी होती, त्या वेळी सगळ्यांना गंमत वाटली असेल. पुढे काय होणार हे कोणाला ठाऊक. त्यात संकेत शोधू नका, कृपा करून. या असल्या जोडाजोडीमुळेच त्याचं वाजवणं मागे पडलं.

काही जण म्हणतात तो मिल्ट जॅक्सनची कॉपी होता.

मिल्ट जॅक्सन हाही व्हायब्राफोनिस्टच, लेमच्या आधी नाव झालेला. त्याचा प्रभाव आहे, कोणीच नाकारणार नाही. पण १९५८ मध्ये व्हायब्राफोन हातात घेऊन मिल्टचा प्रभाव नसणं म्हणजे किराणा घराण्यात बसून अब्दुल करीम खाँसाहेबांचं वळण नको म्हणण्यासारखं. आधीचा लायोनेल हॅम्प्टन, तो १९३० मध्ये लुई आर्मस्ट्राँगच्या रेकॉर्डिंगमध्ये हे वाद्य वाजवून गेला तिथून जॅझमध्ये ते रुजलं. हॅम्प्टनची मोटर वेगात, आवाज थरथरता. मिल्टने मोटर मंद केली आणि वाद्य माणसाच्या गळ्याजवळ आणलं, ब्लूज आणला, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांची दर्दभऱ्या गाण्याची ढब. त्याच्यानंतर आलेले सगळे त्याच वाटेने आले.

लेमचं वेगळेपण मला दोन ठिकाणी दिसतं. एक म्हणजे तो मिल्टपेक्षा कमी बोलतो. मिल्टच्या सोलोत स्वरांची नक्षी असते, छोट्या छोट्या मुरक्या, लेम सरळ जातो, कधी कधी एकच स्वर तीनदा वाजवून पुढे सरकतो आणि तो तिसरा टोला पहिल्यापेक्षा हलका असतो. दुसरं म्हणजे ब्लूजमध्ये त्याला जड व्हायचं नसतं. 'अनदर ओपस'वर 'ब्लूज प्रेअर' आहे, नावात प्रार्थना आहे आणि वाजवलंयही तसंच, आवाज न चढवता. हे माझं मत झालं. ज्याला नक्कल वाटते त्याने एकदा मिल्ट आणि लेम पाठोपाठ ऐकावेत, रात्री, हेडफोन लावून, आणि मग सांगावं.

कुठून सुरुवात करू?

जॅझ अजिबात ऐकलं नसेल तर 'विथ फीलिंग'. मूड्सव्हिल नावाच्या लेबलची आहे, संथ गाण्यांची. पियानोवर रिचर्ड वायंड्स, बेसवर जॉर्ज टकर, ड्रम्सवर रॉय हेन्स. त्यातला 'स्कायलार्क' लावा. पहिल्यांदा ऐकताना नुसतं एवढंच करा की प्रत्येक ओळीचा शेवटचा स्वर कुठे संपतो ते बघा. तो कधी स्वर पूर्ण विरू देतो, कधी पेडल उचलून मधेच मिटवतो, आणि मिटवल्यावर जी शांतता येते त्यात बेस ऐकू येतो. दिवा फुंकून विझवणं वेगळं आणि वात हळूहळू खाली करणं वेगळं, दोन्ही त्याला येतं आणि कुठे कुठलं हे त्याला कळतं.

थोडंफार ऐकणारे असाल तर 'विंचेस्टर स्पेशल'. बेनी गॉल्सनचा टेनर भरदार, धुरकट, आणि त्यावर लेमचे स्वच्छ स्वर. शिवाय गॉल्सननेच क्लिफर्ड गेल्यावर 'आय रिमेंबर क्लिफर्ड' ही चाल बांधली होती, जी आज जगभर वाजते. म्हणजे त्या दिवशी स्टुडिओत एकाच मित्राला स्मरणारे दोघं समोरासमोर उभे होते, दोघंही फिलाडेल्फियात जन्मलेले. हे माहीत असून ऐकलं की वेगळं ऐकू येतं, निदान मला येतं.

आणि मग क्लिफर्डवाली. ती शेवटी ठेवा.

ऑर्गनवाल्या रेकॉर्डींमध्ये तो आहे म्हणतात, त्या कशा?

मॅकडफ, शर्ली स्कॉट, जॉनी हॅमंड स्मिथ, तिघंही हॅमंड ऑर्गनवाले, म्हणजे आपल्या नाटकांतला नव्हे, विजेवर चालणारा ऑर्गन. ऑर्गनचा आवाज जाड, सगळी जागा भरून टाकणारा, त्यात व्हायब्राफोन हरवेल असं वाटतं पण हरवत नाही. भरलेल्या बाजारात सायकलची घंटा ऐकू येतेच ना, तसं. 'टफ डफ' सगळ्यात मजेदार, जिमी फॉरेस्टचा टेनर आहे त्यात, स्वयंपाक करताना लावायची रेकॉर्ड.

त्याच्या रेकॉर्डी आज मिळतात का?

बऱ्याचशा मिळतात. 'विंचेस्टर स्पेशल' आणि 'अनदर ओपस' ओरिजिनल जॅझ क्लासिक्स या मालिकेत सीडीवर आल्या होत्या. ऑनलाइनही बरंच सापडतं, फक्त शोधताना जरा धीर धरावा लागतो कारण साथीदार म्हणून वाजवलेल्या रेकॉर्डींवर त्याचं नाव वर दिसत नाही. मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून क्लिफर्डवाली जुनी एलपी मागवली होती, बरेच पैसे घालून, आली तर पापडासारखी वाकलेली, सुई एका टोकाला चढतेय दुसऱ्या टोकाला उतरतेय. परत घेतली नाही त्यांनी. ती अजून माझ्याकडे आहे, लावत नाही, पण मागची बाजू वाचायला काढतो.

असा तरुणपणी गेलेला आणखी कोणी व्हायब्राफोनिस्ट?

एडी कॉस्टा. हा पियानोही वाजवायचा आणि व्हायब्राफोनही, १९५७ मध्ये डाउनबीट मासिकाच्या समीक्षकांनी त्याला दोन्ही वाद्यांवर नवा तारा म्हणून निवडलं. पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणींच्या भागातला, पियानोच्या खालच्या सप्तकात घणाघाती वाजवायचा. २८ जुलै १९६२ ला न्यूयॉर्कच्या वेस्ट साइड हायवेवर गाडीच्या अपघातात गेला, वय ३१. घरी बायको आणि चार मुलं. लेमनंतर दीड वर्षाने. त्याची 'गाइज अँड डॉल्स लाइक व्हाइब्ज' ऐका, पियानोवर बिल एव्हान्स आहे. त्याच्यावर वेगळं लिहायला हवं, दोन ओळींत उरकायचा माणूस नाही तो.

लेम जगला असता तर काय झालं असतं?

हे विचारू नये असं वाटतं आणि मीच सगळ्यात जास्त विचारतो. भाकीत करत नाही, आजूबाजूला काय झालं तेवढं सांगतो. तो गेल्यावर सहा आठवड्यांच्या आत, २३ फेब्रुवारी १९६१ ला, ऑलिव्हर नेल्सनने 'द ब्लूज अँड द अ‍ॅबस्ट्रॅक्ट ट्रुथ' रेकॉर्ड केली, आजही जॅझच्या मोजक्या उत्तम रेकॉर्डींत तिचं नाव घेतात. मार्चमध्ये त्याच न्यू जॅझ लेबलवर वॉल्ट डिकरसन नावाच्या व्हायब्राफोनिस्टचा पहिला अल्बम रेकॉर्ड झाला, तोही फिलाडेल्फियाचा, तोही १९२८ चाच. रॅमसी लुईसचं तेच त्रिकूट १९६५ मध्ये घराघरात पोचलं. आणि त्याच्याबरोबर स्टुडिओत उभे राहिलेले बेनी गॉल्सन २०२४ च्या सप्टेंबरात गेले, वय ९५. रॉय हेन्स त्याच वर्षी नोव्हेंबरात, वय ९९.

हेन्स यांची बातमी आली त्या रात्री मी 'विथ फीलिंग' लावली होती. ड्रम्सवर ३५ वर्षांचे हेन्स, अजून ६४ वर्षं जगायचेत, आणि समोर व्हायब्राफोनवर लेम, त्याच्याकडे उरलेत तीन महिने. दोघं एकाच तालात, एकमेकांचं ऐकत. रेकॉर्डवर ते कळत नाही, कळायचं कारणही नाही, तिथे दोघांनाही त्या गाण्यापुरताच वेळ आहे आणि तो दोघांना सारखाच मिळालाय.

पुढच्या १३ जानेवारीला काय पाठवणार?

हे लिहिता लिहिता ठरलं की आता १३ जानेवारीला काही पाठवणार नाही. त्या तारखेला पाठवलं की पहिला प्रश्न कसा गेला हाच येतो, चूक विचारणाऱ्यांची नाही, तारखेची आहे. यापुढे १९ मार्चला, त्याच्या वाढदिवसाला. 'जॉय स्प्रिंग'ने सुरुवात करीन. सकाळी लवकर पाठवतो, डबे भरायच्या वेळेला, तेव्हा चांगलं वाटतं ते.